बिराजदार सर आणि पसंतीक्रम एक

गेम डिझाइनमध्ये जायचं तर काय शिकावं, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. बहुतेक आमच्याच भागातले. कळंब, परंडा, बेंबळी. पोरगी बोलत असते आणि मागून कुणीतरी "नीट विचार की गं" म्हणून ढोसत असतं. मला जेवढं माहीत आहे तेवढं मी सांगते, पण सांगताना बिराजदार सर डोळ्यांपुढं उभे राहतात. त्यांच्याइतका भित्रा माणूस मी जन्मात दुसरा पाहिलेला नाही.

कळंबच्या स्टँडामागं त्यांचं ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर आणि चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शाळेतून गणित शिकवून रिटायर झालेले, मूळचे उमरग्याकडचे. घरात कानडी बोलायचे आणि घाबरले की कानडीत आकडे मोजायचे. वेबसाइटवर ते गोल चक्र फिरायला लागलं की सर खुर्चीच्या काठावर येऊन पुटपुटायचे, "ओंदु, एरडु, मूरु..." वीसपर्यंत गेले आणि चक्र थांबलं नाही, तर "शिव शिव" म्हणत उठून बाहेर जायचे आणि रस्त्याकडं तोंड करून उभे राहायचे. पान उघडलं की पोरं हाक मारायची, "सर, आलं!" मग आत यायचे.

कुत्र्याला भ्यायचे, लिफ्टला भ्यायचे, अनोळखी नंबरला भ्यायचे. मोबाईलवर येणारा तो सहा आकड्यांचा ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, हे त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की दुकानात चिटपाखरू नसलं तरी ते मोठ्यानं बोलू द्यायचे नाहीत. सहा फुटी बाप्ये लोक त्यांच्या कानाशी वाकून आकडे कुजबुजायचे. आम्ही पोरी मागं बसून तोंडात ओढणी कोंबायचो.

प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढायचे. "एक तुझी, एक माझी, आन एक घाबरल्यावर काढायची," म्हणायचे. पसंतीक्रमाचा फॉर्म, म्हणजे कुठलं कॉलेज पहिलं हवं, कुठलं दुसरं, ती यादी, ते आधी पेन्सिलनं कागदावर लिहून घ्यायचे. मोठ्यानं वाचायला लावायचे. दुसऱ्या दिवशी परत बोलावून पुन्हा वाचायला लावायचे. गावाकडून येणाऱ्या माणसाला दोन-दोन खेपा पडायच्या, माणसं वैतागायची. शेजारच्या दुकानात हेच काम पाच मिनिटांत व्हायचं. तरी गर्दी सरांकडंच असायची, कारण त्यांचा फॉर्म कधी चुकत नाही, अशी तालुक्यात ख्याती होती.

आणि एक गोष्ट ते कधीच करायचे नाहीत. काय शिक, काय घे, हे सांगायचे नाहीत. "मी फक्त इचारतो. सांगणार न्हाय," असं म्हणून दोन्ही हात वर करायचे.

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात आप्पा मला त्यांच्याकडं घेऊन गेले. आप्पा म्हणजे माझे वडील. कळंबजवळच्या आमच्या गावात त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारी उलगडून नव्यानं तार भरणारा माणूस, त्यामुळं हातांनी करायच्या कामाबद्दल त्यांना आदर. पण "गेम" हा शब्द घरात उच्चारला तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला होता. सरांपुढं बसल्यावर आप्पा एवढंच म्हणाले, "सर, हिला गेम करायचं शिकायचंय म्हणं. तुम्हीच बघा."

सर माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी पिशवीतून साप काढून टेबलावर ठेवला होता.

"खेळायला आवडतं का करायला आवडतं?" त्यांनी विचारलं.

"करायला."

"काय केलंयस?"

माझ्याकडं आलेखवहीच्या पानावर काढलेला एक खेळ होता. कळंबहून पुण्याला एस्टीनं पोचायचं. सोंगट्या म्हणून तूरडाळीचे दाणे आणि दान टाकायला फोडलेले चिंचोके. मधली स्टँडं म्हणजे सुरक्षित घरं. बाकी रस्त्यावर पंक्चर, घाट, उतरवून ठेवणारा कंडक्टर, असलं काय काय. हसले तर, या विचारानं कान गरम झाले होते.

सर हसले नाहीत. त्यांनी प्रिंटर बाजूला सारला, कागद पसरला आणि आप्पांना म्हणाले, "बसा, खेळू."

मग मी जे पाहिलं ते अजून विसरले नाही. सर बार्शीच्या स्टँडावर पोचले आणि तिथंच बसले. आप्पा पुढं जात होते, मागं फेकले जात होते, पुन्हा पुढं जात होते. सरांची पाळी आली की ते म्हणायचे, "मी हितंच थांबतो."

"अहो सर, खेळा की!" मी कळवळून म्हणाले.

"खेळतोयच की. बार्शीत काय वाईट हाय?"

अर्ध्या तासानं आप्पा पुण्यात. सर बार्शीत. मला रडू यायच्या बेतात होतं, कारण माझा खेळ फसला होता. सर मात्र कागदाकडं बघत बसले आणि हळूच म्हणाले, "तू मला हितं बसायला जागा दिलीस, म्हणून मी बसलो. माझी चूक न्हाय ही. तुझी हाय."

मी घरी गेले, दोन दिवस डोकं खाजवलं आणि नियम बदलला. स्टँडावर दोन पाळ्या बसलं की तिसऱ्या पाळीला बस भरून जाते, आणि तुम्हाला मागच्या गावी जावं लागतं. कागद घेऊन परत गेले. या वेळी सर बार्शीला पोचले, एक पाळी बसले, दुसरी बसले, आणि मग त्यांच्या कपाळावर खरोखर घाम आला. उठले, बसले. शेवटी दान टाकलं. पुण्याला पोचले नाहीत ते, टेंभुर्णीजवळ पंक्चर झाले. पण मान वर करून माझ्याकडं बघितलं तेव्हा त्यांचा चेहराच वेगळा होता.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय सर. तुम्ही बसलात म्हणून सुचलं."

त्यानंतर सर माझ्यासाठी घाबरायला लागले, आणि त्यांचं ते घाबरणं म्हणजे मोठं काम असायचं. त्यांचा एक जुना विद्यार्थी हैदराबादेत गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याला फोन लावायला त्यांनी तीन दिवस घेतले. आधी काय बोलायचं ते वहीत लिहून काढलं. मग फोन स्पीकरवर टाकून मला जवळ बसवलं. तो भला माणूस होता. म्हणाला, "सर, कोर्सच्या नावात गेम आहे का ते बघू नका. प्रोग्रॅम लिहायचे असतील तर कॉम्प्युटरला घाला. माणूस कसा खेळतो, कुठं अडतो, कुठं कंटाळतो, हे बघायची आवड असेल तर डिझाइनची डिग्री. आणि काहीही शिकली तरी दर सहा महिन्याला एक गेम पुरा करून दाखवायचा. अर्धवट दहा नकोत." सरांनी हे सगळं वहीत उतरवलं आणि 'पुरा' शब्दाखाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात मी एक गाढवपणा करून ठेवला होता. कुठल्याशा खासगी संस्थेच्या जाहिरातीवर नंबर टाकला होता. तिथल्या बाईचे रोज फोन यायला लागले. आज संध्याकाळपर्यंत सीट घ्या नाहीतर गेली, असं ती गोड आवाजात म्हणायची. एकदा सरांच्या दुकानातच तो फोन आला. माझं तोंड बघून सरांनी हात पुढं केला.

"ताई, नमस्कार. तीनच गोष्टी इचारतो," सर म्हणाले. "तुमच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांनी केलेला एक गेम दावा. शिकवणाऱ्यांनी स्वतः केलेला एक दावा. आन तुमच्याकडनं शिकून गेलेल्या एका पोराचा नंबर द्या."

पलीकडून फोन कट.

सर गटागटा तांब्याभर पाणी प्याले. मी आनंदानं टाळी वाजवणार तोच त्यांनी काळजीनं विचारलं, "त्या ताई रागावल्या नसतील ना गं?"

मी डिझाइनची प्रवेश परीक्षा दिली. मार्क बरे आले. फॉर्ममध्ये माझ्यासाठी खरी दोन नावं होती. पुण्याचं एक कॉलेज, जिथं तिसऱ्या वर्षापासून खेळांचं डिझाइन शिकवत होते. आणि लातूरचं एक, जिथं डिग्री डिझाइनचीच, पण सगळा भर घराच्या आतल्या सजावटीवर. लातूर मला नक्की मिळणार होतं. पुण्याचं काठावर होतं. पेन्सिलच्या यादीत मी पुणे पहिलं, लातूर दुसरं लिहिलं होतं, दोनदा मोठ्यानं वाचलं होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी फॉर्म लॉक करायचा होता. लॉक झाला की बदल नाही. दुकानात माणसं दाटलेली, लाईट गेलेली, इन्व्हर्टर कुंई कुंई करत होता. आणि आप्पा येताना मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, कुणा शहाण्याचा सल्ला घेऊन आले होते.

"सर, लातूर पहिलं टाका," आप्पा म्हणाले. "पहिलं पुणं लिवलं तर लातूरवाले म्हणतील, ह्यांना आपलं कॉलेज नको हाय. मग तेबी देणार न्हाईत आन हेबी जाईल. लातूरला तिची आत्या हाय. हातचं कशाला सोडायचं?"

खरं सांगते, आप्पांपेक्षा माझीच जास्त फाटली होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुण्यात कुणी ओळखीचं नाही, इंग्रजी येत नाही, आणि चित्र काढणारी पोरं लहानपणापासून क्लास लावून आलेली असतात असं ऐकलं होतं. आप्पा बोलले आणि मला वाटलं, सुटले. कुणीतरी माझ्या वतीनं माघार घेतली. मी लगेच म्हणाले, "व्हय सर. टाका लातूर पहिलं."

सरांचे हात मांडीवर होते. ते कॉम्प्युटरकडं गेले नाहीत. सर उठले, बाहेरच्या लोकांना "दहा मिनटं, दहा मिनटं" म्हणाले आणि आप्पांसमोर येऊन उभे राहिले.

"आप्पा, मी कुणाला सांगत नसतो. पण आज बोलतो. तुम्ही रागवा माझ्यावर."

आप्पा बुचकळ्यात पडले.

"माझी भाची हाय, भाग्यश्री. तिला इमारतींचं शिकायचं होतं, आर्किटेक्चर. मार्कबी होते. फॉर्म मीच भरला. आन मी भिलो. हातचं जाऊ नये म्हणून जवळचं कॉलेज पहिलं टाकलं, तिच्या मनातलं दुसरं. पहिल्याच फेरीत जवळचं लागलं. म्या पेढे आणले, आप्पा! पेढे वाटून झाल्यावर नियम वाचला. पहिली पसंती मिळाली की पुढच्या फेऱ्या बंद. मागितलं ते दिलं, आता परत यायचं न्हाय. दुसऱ्या फेरीत तिच्या मनातलं कॉलेज तिच्यापेक्षा कमी मार्काच्या पोरीला लागलं. यादी ह्याच डोळ्यांनी बघितली."

"मग पोरगी काय म्हणली?"

"कायबी न्हाय. दर दिवाळीला येती, मामा म्हणती, पाया पडती. बारा वर्षं झाली. एकदा तरी शिवी घालायची होती तिनं." सर म्हणाले. "ती पाया पडली की मला पळून जावंसं वाटतं."

तीन प्रती, पेन्सिल, दोन-दोन खेपा, हे सगळं कुठून आलं ते मला तेव्हा कळलं, आणि आम्ही ओढणीत तोंड खुपसून हसायचो त्याची लाज वाटली.

"आन पुणं न्हाय लागलं तर?" आप्पांनी विचारलं.

"तर लातूर हायच की दुसऱ्या नंबरावर. मशीन वरनं खाली बघत येतं. वरचं देता आलं न्हाय तर खालचं बघतं. त्याला राग येत न्हाय आप्पा. पहिलं कुणाला लिवलं न् दुसरं कुणाला, हे त्या कॉलेजवाल्यांना कळतबी न्हाय."

"आन लागलं, पण पोरीला झेपलं न्हाय तर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ते मला म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "त्याचीच भीती वाटती."

आप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "तू लिव. तुझं तू लिव." मी कीबोर्ड पुढं ओढला. पुण्याच्या कॉलेजचा क्रमांक दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला.

पहिल्या फेरीत लातूर लागलं. सर म्हणाले, लातूर दुसऱ्या नंबरावरचं, म्हणून ते धरून ठेवायचं आणि पुढच्या फेरीला थांबायचं, नियमात बसतं. ते आठ दिवस आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. दुसऱ्या फेरीत पुणे लागलं. मी धावत दुकानात गेले तर सरांनी अभिनंदन वगैरे काही केलं नाही. नियमांचं पत्रक काढून अथपासून इतिपर्यंत पुन्हा वाचलं आणि मग म्हणाले, "व्हय. लागलं." त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आणि पुण्यात आप्पांची शंका खरी व्हायला लागली. मला झेपेना. वर्गात पोरं भराभर इंग्रजीत बोलायची, त्यांच्या चित्रवह्या बघून माझी वही मी दप्तरातून काढेचना. पहिल्या सत्राच्या शेवटी मी माझा एस्टीचा खेळ मांडला. बाहेरून आलेल्या एका परीक्षकानं तो उचलून पाहिला, "गोड आहे, गावाकडचा," म्हणाला आणि न खेळताच पुढच्या टेबलाकडं गेला. मी सुटीला घरी आले ती परत गेलेच नाही. सुटी संपली, आठवडा गेला, दुसरा गेला. आप्पा आपले मोटारीत तार भरत बसायचे. गावात मात्र बोभाटा झाला, पोरगी परत आली म्हणून. गावातला बोभाटा कळंबला पोचायला कितीसा वेळ लागतो? आप्पा एकदा बाजारातून येऊन म्हणाले, "बिराजदार सर दिसले. मला बघून दुसऱ्या बोळानं गेले." मला बोलावून घेतील असं वाटलं होतं. त्यांनी निरोपसुद्धा धाडला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी बॅग भरली. का भरली, ते आजही नीट सांगता येत नाही. घरी बसून भीती कमी होत नव्हती, एवढंच कळलं होतं.

कळंबच्या स्टँडावर पुण्याची गाडी लागलेली होती. बॅग चढवून मी खिडकीत बसले, तर समोर पेरूच्या गाड्याजवळ सर. त्यांनी मला पाहिलं आणि चक्क पाठ फिरवली. गाड्याच्या आडोशाला गेले. मला असा राग आला! मी खाली उतरले आणि तरातरा जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"सर, पळताय काय?"

"पळत न्हाय गं. पेरू बघत होतो." माझ्याकडं बघेनात. एकदम वाळलेले वाटले मला. "परत आलीस म्हणत्यात."

"व्हय."

"माझ्यामुळं झालं ते." त्यांनी पेरू उचलला, परत ठेवला. "आता कुठं निघालीस?"

"पुण्याला."

"आप्पांनी धाडलं?"

"न्हाय. माझी मी."

"भीती वाटती?"

"लई वाटती सर."

त्यांनी मान हलवली. भीतीतलं त्यांना सगळं कळायचं. कंडक्टर ओरडायला लागला. मी वळणार तोच सरांनी माझी बाही धरली. त्यांनी कधीच कुणाला असं धरलेलं मी पाहिलं नव्हतं.

"एक इचारतो. माझं मन राखू नको. लातूर पहिलं टाकलं असतं, तर आज सुखात असतीस का?"

गोड बोलता आलं असतं. पण त्या माणसाशी खोटं बोलावं असं वाटेना.

"असते सर," मी म्हणाले. "आत्याकडं जेवले असते. दर शनिवारी घरी आले असते."

त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"आणि दर दिवाळीला तुमच्या पाया पडले असते," मी म्हणाले. "गप बसून."

कंडक्टरनं बेल मारली, तशी मी पळत जाऊन गाडीत चढले. गाडी मागं घेताना खिडकीतून पाहिलं, तर सर एका हातानं पेरूचा गाडा धरून उभे होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी फोन कानाला लावला होता. स्टँडावरच्या गलक्यात ते जिवाच्या आकांतानं ओरडून बोलत होते, त्यामुळं मला स्पष्ट ऐकू आलं.

"भागू, मामा बोलतोय. तुझ्या फॉर्मचं बोलायचं होतं, पोरी. व्हय, त्याच फॉर्मचं."